गाडीची पुढची-मागची उंची आणि सस्पेन्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गतिरोधकावर चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) घासतो, सीएनजीची टाकी बसवल्यापासून मागची बाजू बसली आहे, गाडी थोडी उंच हवी आहे किंवा थोडी खाली हवी आहे, अशा निरनिराळ्या निमित्तांनी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारी, पीळ घेणारी आडवी तुळई) असलेली, स्विफ्टच्या आकाराची गाडी गृहीत धरली आहे, कारण सर्वाधिक विचारणा अशाच गाड्यांविषयी होते. पाट्यांच्या गाड्यांसाठी प्रश्न ९ आणि टॉर्शन बारच्या गाड्यांसाठी प्रश्न १० पाहावा.

१. गाडीची उंची म्हणजे ग्राउंड क्लिअरन्सच ना?

नाही. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतर. सस्पेन्शनच्या संदर्भात उंची म्हणतो तेव्हा चाकाच्या तुलनेत बॉडी किती वर उभी आहे, हे अभिप्रेत असते. हा फरक लक्षात घेतला नाही, तर पैसे चुकीच्या जागी खर्च होतात. स्प्रिंग बदलून बॉडी ३० मिमी वर नेली, तरी चाकांना थेट जोडलेले भाग, म्हणजे लोअर आर्मचे (चाक बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बाहेरचे टोक किंवा बोलेरोसारख्या गाडीतील मागच्या एक्सलचा डिफरन्शियलचा गोळा, होते तेथेच राहतात. त्यांना वर नेण्याचा मार्ग टायरमधून जातो (प्रश्न १६). उलट चेंबर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी आणि बंपर हे बॉडीबरोबर वर-खाली होतात, त्यामुळे ते घासत असतील तर सस्पेन्शनकडे पाहणे योग्य ठरते.

२. उंची नेमकी कशी मोजायची?

चाकाच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांवर मोजावे. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवा आणि टायरची झीज हिशेबात शिरतात व आकडे फसवे येतात.

मोजण्यापूर्वी गाडी खरोखर सपाट फरशीवर उभी करावी, टायरमध्ये दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेली हवा भरावी, डिकी रिकामी करावी आणि इंधन किती आहे ते लिहून ठेवावे. गाडी जॅकवरून नुकतीच उतरवली असेल, तर चाके आत ओढल्यासारखी राहतात आणि बॉडी खोटी उंच दिसते. म्हणून गाडी काही मीटर पुढे-मागे ढकलावी, चारही कोपरे हाताने दाबून सोडावेत आणि मगच टेप लावावी. प्रत्येक कोपऱ्यावर दोनदा मोजून दोन्ही वेळा तोच आकडा येतो का, ते पाहावे. हे आकडे तारखेसह लिहून ठेवलेली वही पुढच्या प्रत्येक निर्णयात उपयोगी पडते, आणि ती नसेल तर गॅरेजमधील कोणताही वाद केवळ अंदाजावर चालतो.

३. कंपनी १६३ मिमी ग्राउंड क्लिअरन्स सांगते, तरी पाच माणसे बसली की गाडी का घासते?

कारण तो आकडा रिकाम्या गाडीचा असतो. भरलेल्या गाडीचा ढोबळ हिशेब असा मांडता येतो. पाच माणसे आणि सामान घेतल्यावर अशी गाडी पुढे सुमारे ३ सेंमी आणि मागे सुमारे ६ सेंमी बसते, म्हणजे मध्यावर साडेचार सेंमी. आता इमारतीच्या तळघरातील वाहनतळावरून वर येणारी, सहास एक उताराची चढण घ्या. ती जेथे संपून रस्ता सपाट होतो, त्या कोनावर २४५० मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांतील अंतर) गाडीचे पोट बरोबर मध्यावर सुमारे १० सेंमी क्लिअरन्स गमावते. १६३ मधून ४५ आणि १०० वजा केले, तर हातात दोन सेंमीसुद्धा उरत नाहीत.

गतिरोधकांचे गणित याहून वेगळे आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक नियमांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा लागतो. अशा गतिरोधकावर गाडीची चारही चाके एकाच वेळी चढलेली असतात, त्यामुळे पोटाखालचे अंतर जेमतेम साडेचार सेंमीने कमी होते. गल्लीत रातोरात ओतलेला, हातभर रुंदीचा गतिरोधक मात्र दोन्ही चाकांच्या मधोमध येतो आणि आपली पूर्ण उंची वसूल करतो. दोष गाडीचा की रस्त्याचा, हे ठरवताना एवढा हिशेब जरूर करावा.

चेंबर पुढच्या चाकांजवळ असतो. तो बहुधा पुढची चाके गतिरोधकावरून खाली उतरताना, स्ट्रट दबलेला असताना घासतो. गतिरोधकापर्यंत ब्रेक दाबून ठेवल्यास गाडीचे नाक आधीच झुकलेले असते. चढण्यापूर्वी वेग उतरवून ब्रेक सोडून दिला, तर पुढची बाजू उठते आणि कोणताही सुटा भाग न बसवता दोन-एक सेंमी परत मिळतात.

४. जुनी गाडी बसली आहे. शॉकअप बदलले की उंची परत येईल का?

बहुतेक वेळा येत नाही. बॉडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचे काम स्प्रिंगची हालचाल आवरण्याचे असते. गॅस भरलेला नवा शॉकअप आतील दाबामुळे गाडी काही मिलिमीटर उचलतो, एवढाच काय तो फरक. गळका शॉकअप असलेली गाडी डोलते, उतारावर तरंगल्यासारखी वाटते आणि खड्ड्यात बम्पस्टॉपवर (हालचालीच्या शेवटी असलेल्या रबरी थांब्यावर) आपटते. ती खाली गेली असेल, तर दोष स्प्रिंगचा, वरच्या स्ट्रट माउंटिंगच्या रबराचा किंवा स्प्रिंगखालच्या रबरी गादीचा असतो.

स्प्रिंगा वर्षानुवर्षे भार सोसून हळूहळू बसतात, आणि आपल्याकडील पावसात व किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत त्यांचे तळाचे वेढे गंजतात. गाडी एका बाजूने अचानक खाली गेली, तर सर्वांत खालचा वेढा तुटला आहे का, हे टॉर्च घेऊन पाहावे. तुटलेला तुकडा पुष्कळदा खालच्या ताटलीतच पडून राहतो आणि वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही. माझा आग्रह असा, की उंची वाढवण्याचा कोणताही उपाय करण्यापूर्वी गाडी तिच्या मूळ उंचीवर आणावी, म्हणजे मूळ क्रमांकाच्या स्प्रिंगा, माउंटिंग आणि गाद्या जोडीने बदलाव्यात. गाडी उंच करायची म्हणून आलेल्या पुष्कळ मालकांची गरज येथेच भागते.

५. सीएनजी किट बसवल्यावर मागची बाजू खाली गेली. काय करावे?

६० लिटर पाणीक्षमतेची पोलादी टाकी, तिची चौकट आणि गॅस मिळून सुमारे ७० किलो होतात, आणि हे वजन जवळजवळ सगळेच मागच्या एक्सलवर येते. लहान गाडीची मागची बाजू त्याने दोन सेंमीच्या आसपास बसते. हे वजन कायमचे असल्यामुळे उपायही कायमचा हवा. कारखान्यातूनच सीएनजीसह येणाऱ्या अनेक मॉडेलना मागे वेगळ्या, अधिक भार पेलणाऱ्या स्प्रिंगा असतात. आपल्या मॉडेलची अशी आवृत्ती असेल, तर तिच्या मागच्या स्प्रिंगांची जोडी सुट्या भागांच्या दुकानातून त्याच क्रमांकाने मागवणे, हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. त्या उंचीला आणि त्या भाराला कंपनीने तपासलेल्या असतात.

अशी आवृत्ती नसेल, तर मागच्या स्प्रिंगखालची गादी थोडी जाड घेणे हा दुसरा पर्याय आहे. स्प्रिंगच्या वेढ्यांत कोंबायच्या रबरी बफरविषयी प्रश्न ६ पाहावा. शॉकअप कडक करून घेणे, म्हणजे त्यात जाड तेल भरून आणणे, हा उपाय करू नये. त्याने उंची वाढत नाही आणि चाक रस्ता सोडू लागते.

६. स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर चांगले की वाईट?

ते स्वस्त आहेत, बसवायला सोपे आहेत आणि काही सेंटिमीटर खाली गेलेली मागची बाजू उचलतात, हे खरे आहे. ते काम कसे करतात, हे मात्र पाहिले पाहिजे. बफर ज्या दोन वेढ्यांमध्ये बसतो, त्यांची हालचाल जवळजवळ थांबते, म्हणजे काम करणारे वेढे कमी होतात आणि स्प्रिंग कडक होते. शिवाय तो वेढ्याचा पूर्ण घेर न व्यापता एखाद्या भागातच बसत असेल, तर त्याच्या कडेजवळ तारेवर जादा ताण येतो, आणि बफरखाली अडकलेली माती व ओल तारेवरील रंग खाऊन गंज सुरू करते.

क्वचित जड सामान नेणाऱ्याने सहलीपुरते बफर लावून नंतर काढून ठेवणे मला मान्य आहे. पुढच्या स्ट्रटमध्ये कायमचे बफर लावणे मात्र टाळावे, कारण पुढची स्प्रिंग स्टिअरिंगबरोबर फिरते आणि बफर सरकला तर तो माउंटिंगवर किंवा ताटलीच्या कडेवर घासतो. केवळ मागे बफर लावल्यास गाडी वळणावर कशी वागते, हे प्रश्न ११ मध्ये आले आहे.

७. १० मिमीचा स्पेसर लावला, की गाडी १० मिमीच उंच होते का?

स्पेसर (उंचीसाठी मध्ये घालायची चकती) कोठे लावला, यावर ते अवलंबून आहे. चाक जेवढे हलते तेवढीच स्प्रिंग दबत नाही; लिव्हरच्या तत्त्वाने त्यांच्यात एक प्रमाण असते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग चाकाच्या अगदी जवळ असल्यामुळे ते प्रमाण जवळजवळ एकास एक असते, आणि १० मिमीला १० मिमी किंवा किंचित जास्त मिळते. डबल विशबोनमध्ये (वर-खाली दोन आर्म असलेल्या सस्पेन्शनमध्ये) स्प्रिंग आर्मच्या मध्याकडे बसते. तेथे प्रमाण ०.६ असेल, तर स्प्रिंगखालचा १० मिमीचा स्पेसर चाकापाशी सुमारे १७ मिमी उंची देतो. टॉर्शन बीममध्ये स्प्रिंग एक्सलच्या पुढे किती अंतरावर बसवली आहे, यावर आकडा ठरतो.

स्पेसरचेही दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार स्प्रिंग आणि तिची ताटली यांच्यामध्ये बसतो. त्याने बॉडी वर जाते, पण शॉकअपचा दांडा स्थिर स्थितीत आधीपेक्षा बाहेर आलेला राहतो, त्यामुळे खड्ड्यात चाक खाली जाण्याची वाट तेवढी कमी होते. दुसरा प्रकार संपूर्ण स्ट्रटच्या वर, बॉडी आणि माउंटिंग यांच्यामध्ये बसतो. त्याने स्ट्रट आहे तसाच खाली सरकतो, शॉकअपचा प्रवास अबाधित राहतो, पण चाक पूर्ण लोंबकळले असता ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाक फिरवणारा दांडा) आणि बॉल जॉइंट मूळ मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकतात. त्यांतला एकही फुकटात उंची देत नाही.

८. किती उंची वाढवणे सुरक्षित आहे?

सर्व गाड्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही, परंतु पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाडीत २० ते २५ मिमीच्या पुढे जाण्याचा सल्ला मी देत नाही. मर्यादा कोठे येते, ते गाडी लिफ्टवर घेऊन, चाके लोंबकळत ठेवून डोळ्यांनी पाहता येते. ड्राइव्ह शाफ्टचा कोन किती तिरका झाला आहे, त्याच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात का, ब्रेकची लवचीक नळी ताणली गेली आहे का, एबीएसच्या सेन्सरची वायर खेचली जाते का, अँटिरोल बारची (गाडीचे कलणे आवरणाऱ्या सळीची) लिंक रॉड लोअर आर्मला टेकते का, हे सगळे त्याच स्थितीत दिसते. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तेच पुन्हा पाहावे. ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटला, तर आतील ग्रीस बाहेर पडते, माती आत जाते आणि थोड्याच दिवसांत वळताना कटकट असा आवाज सुरू होतो. उंची वाढवलेल्या गाड्यांची ही सर्वांत सामान्य तक्रार आहे.

गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी अधिक कलते. जीपवजा उंच आणि अरुंद गाडीत ही बाब हॅचबॅकपेक्षा कितीतरी गंभीर आहे, आणि त्याच गाड्या अधिक उचलल्या जातात, याची मला काळजी वाटते.

९. माझ्या गाडीला मागे पाटे आहेत. तेथे काय करता येते?

पाट्यांमध्ये चार मार्ग आहेत. बसलेल्या पाट्यांची कमान पुन्हा वाढवून घेता येते. हे काम भट्टी आणि पाणी यांचे ज्ञान असलेल्या कारागिराकडूनच व्हावे, कारण नुसते गार पाटे ठोकून वाढवलेली कमान लवकर पुन्हा बसते. जादा पाटा घालता येतो, पण मग गाडी उंचीबरोबर कडकही होते, आणि रिकाम्या पिकअपची मागची बाजू खड्ड्यांवर उड्या मारू लागते. लांब शॅकल (पाट्याचे टोक चौकटीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) लावता येतात. मात्र शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्यामुळे २० मिमी लांब शॅकलने उंची १० मिमीच वाढते आणि एक्सल किंचित फिरल्यामुळे प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बदलतो. चौथा मार्ग पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्ट लावण्याचा आहे. त्याने ठोकळ्याच्या जाडीएवढीच उंची मिळते. पुढच्या, स्टिअरिंगच्या एक्सलवर ठोकळा कधीही लावू नये, कारण ब्रेक मारताना तेथे येणारा पीळ त्याला निखळवू शकतो.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. जिप्सीमध्ये पाटे एक्सलच्या खालून जातात. तेथे पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा घातला, तर गाडी उंच होण्याऐवजी खाली येईल.

१०. टॉर्शन बारच्या गाडीत नुसता बोल्ट आवळून उंची वाढते म्हणतात. खरे आहे का?

खरे आहे. ॲम्बेसेडरच्या पुढच्या बाजूला आणि जुन्या सफारीच्या पुढच्या बाजूला स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी पोलादी सळी आहे. ज्या गाड्यांत तिच्या मागच्या टोकाच्या लिव्हरला समायोजनाचा बोल्ट दिलेला असतो, तेथे तो आवळला की पुढची बाजू वर येते. ही सोय कारखान्यातील फरक आणि वयोमानाने आलेली घसरण भरून काढण्यासाठी आहे. बोल्ट आवळल्याने सळी कडक होत नाही. ती तेवढाच भार तेवढ्याच पिळाने पेलते, फक्त तिची सुरुवातीची जागा बदलते. गाडी कडक वाटते ती वरचा आर्म खालच्या रबरी थांब्याला टेकू लागल्यामुळे. आर्म आणि तो थांबा यांत बोटभर जागाही उरली नसेल, तर उंची जास्त झाली आहे. चाके जमिनीवर असताना बोल्टवर मोठा भार असतो, म्हणून गाडी जॅक स्टँडवर घेऊन बोल्ट फिरवावा, खाली उतरवून प्रश्न २ प्रमाणे मोजावे, आणि असे थोडेथोडे करत जावे.

११. मी फक्त मागची बाजू उचलली, तर पुढच्या बाजूवर परिणाम होतो का?

होतो, आणि हा प्रश्न विचारण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी. मागची बाजू २० मिमी उचलली, तर २४५० मिमी व्हीलबेसवर संपूर्ण बॉडी सुमारे अर्धा अंश पुढे झुकते. पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) तेवढाच कमी होतो, म्हणून वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ किंचित मंदावते. हेडलाइटचा झोत २५ मीटरवर सुमारे २० सेंमी खाली पडतो. पुढची बाजू उचलल्यास तोच झोत तेवढाच वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. वजनाची वाटणी मात्र फारशी बदलत नाही. पुढच्या चाकांवर जेमतेम दोन किलो वाढतात.

उंची वाढवताना मागची स्प्रिंग कडकही झाली, तर मुद्दा गंभीर होतो. वळणावर अंगावर येणारा भार पेलण्यात मागच्या चाकांचा वाटा वाढतो आणि ती आधी घसरू लागतात. कोरड्या रस्त्यावर हे जाणवणार नाही, पण पावसाळ्यात घाटातील उताराच्या वळणावर ब्रेकवर पाय असताना जाणवेल.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचे नाते आरामासाठीही जुळवलेले असते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली यांनी प्रयोगांतून दाखवले, की मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा किंचित जलद लयीत हलत असेल, तर खड्ड्यानंतरचे पुढे-मागे डुलणे लवकर थांबते, कारण मागची चाके खड्ड्याला नंतर भेटतात आणि त्यांना पुढच्या बाजूला गाठायचे असते. पुढे कडक स्प्रिंगा टाकून मागे मूळच ठेवल्या, तर हे नाते उलटते आणि महामार्गावरच्या प्रत्येक पुलाच्या सांध्यावर गाडी घोड्यासारखी नाचते.

१२. स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी खाली करता येते का?

करता येते, पण करू नये. स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाचांपैकी एक वेढा गेला, की उरलेली स्प्रिंग २५ टक्के कडक होते. तिचे टोक ताटलीत बसण्यासाठी ज्या आकारात घडवलेले होते, तो आकार गेलेला असतो, आणि चाक लोंबकळले की आखूड स्प्रिंग सैल होऊन जागा सोडते. मोठ्या खड्ड्यानंतर ती तिरकी बसली, तर पुढे काय होईल हे सांगता येत नाही. गॅस कटरने तापवून स्प्रिंग बसवणे त्याहून वाईट आहे, कारण तापलेल्या जागेचे पाणी उतरते आणि ती तेथेच बसत किंवा तुटत जाते. विकत घेतलेल्या जुन्या गाडीत कापलेल्या टोकाची स्प्रिंग दिसली, तर जोडी बदलेपर्यंत गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

१३. लोअरिंग स्प्रिंग घ्याव्यात की कॉइलओव्हर?

एकदाच उंची ठरवून विसरून जायचे असेल, तर चांगल्या प्रतीच्या लोअरिंग स्प्रिंगांची चौकडी पुरेशी आहे. पुढची आणि मागची उंची वेगवेगळी जुळवायची असेल, तर कॉइलओव्हर (उंची जुळवता येणारा, स्प्रिंगसह शॉकअप) लागतो. त्यातही निवड करताना शॉकअपची नळी खालच्या कंसात फिरवून उंची बदलणारा प्रकार घ्यावा, कारण त्यात उंची बदलली तरी शॉकअपचा प्रवास तेवढाच राहतो. फक्त स्प्रिंगची ताटली वर-खाली करणाऱ्या प्रकारात गाडी खाली आणली, की बम्पस्टॉप जवळ येतो. ताटली वर नेल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज चुकीचा आहे. गाडी उंच होते एवढेच.

खाली आणलेल्या मॅकफर्सन गाडीबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लोअर आर्म आडव्या रेषेच्या वर झुकला, की रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जलद खाली जाते आणि गाडी खाली असूनही वळणावर कलण्याची तिची ओढ वाढते. म्हणून लोअरिंग स्प्रिंगा कडक असाव्याच लागतात. ३० मिमीपेक्षा खाली आणलेली गाडी महाराष्ट्रातील रस्त्यांवर रोज वापरण्याजोगी राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण प्रश्न ३ मधील हिशेबात आहे.

१४. उंची बदलल्यावर फक्त अलाइनमेंट करून घेतले तर चालेल ना?

अलाइनमेंट हवेच, कारण उंचीबरोबर टो (वरून पाहता चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) दोन्ही बदलतात आणि टो बिघडला तर टायरची कड काही आठवड्यांत करवतीसारखी होते. ते लगेच न करता गाडी काही शे किलोमीटर चालवून, नव्या स्प्रिंगा बसल्यावर करावे. तोवर टो तात्पुरता जुळवून घ्यावा. टॉर्शन बीमच्या मागच्या चाकांना बहुधा समायोजन नसते, त्यामुळे तेथे आकडा वाकडा आला तर बीम किंवा बुश तपासावे लागतात.

त्याआधी एक काम आहे, आणि ते घाईच्या गॅरेजमध्ये हटकून राहून जाते. लोअर आर्मच्या आणि बीमच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असतानाच पक्के आवळले, तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीत चिकटून बसते. गाडी खाली आली, की ते कायमचे पिळलेले राहते, बॉडी काही मिलिमीटर उंच धरून ठेवते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट आधी हलके लावावेत, चाके जमिनीवर किंवा रॅम्पवर टेकवून गाडीला तिच्या खऱ्या उंचीवर उभे करावे आणि मगच टॉर्क रेंचने पक्के करावेत. मिस्त्रींना हे आधीच सांगून ठेवावे आणि शक्य तर तेथे उभे राहावे.

१५. एकच कोपरा खाली आहे. त्या कोपऱ्यात स्पेसर घालू का?

आधी निदान करा. गाडीला चार पाय आहेत, आणि डगमगत्या चौरंगाप्रमाणे एका पायाची उंची बदलली, की भार कर्णरेषेतील जोडीवर सरकतो. पुढचा डावा कोपरा खाली दिसतो, तेव्हा दोष मागच्या उजव्या कोपऱ्यातील नव्या, जास्त उंच स्प्रिंगचा असू शकतो. पुढचा संपूर्ण भाग बॉडीच्या मध्यावर जॅकने किंचित उचलून मागचे दोन कोपरे मोजावेत. ते समान आले, तर दोष पुढे आहे. पाच मिमीपर्यंतचा डावा-उजवा फरक चालवून घ्यावा. तीन-चार मिमीच्या फरकासाठी स्पेसर घातला, तर दोन्ही बाजू सारख्या दिसतील, पण ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू लागेल.

१६. सस्पेन्शनला हात न लावता मोठे टायर घातले तर?

टायरचा व्यास २० मिमीने वाढला, तर गाडी १० मिमी वर येते, आणि ही उंची एक्सलसह सगळ्या भागांना मिळते. स्पीडोमीटर मात्र खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि टायर आतल्या लायनरला घासू शकतो. कंपन्या स्वतः व्यास सांभाळतात: १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ या दोन मापांत रिम एक इंचाने मोठी असूनही बाहेरच्या व्यासात दोन मिमीचाच फरक आहे. रिम मोठी केली म्हणजे गाडी उंच झाली, असे होत नाही.

१७. उंचीचा ब्रेकशी काही संबंध आहे का?

अनेक पिकअप, व्हॅन आणि जुन्या गाड्यांत मागच्या एक्सलजवळ भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. बॉडी एक्सलच्या जवळ आली, म्हणजे गाडी भरलेली आहे, असे समजून तो मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो. मागची बाजू स्प्रिंगने किंवा ठोकळ्याने उचलली, की पूर्ण भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक दुबळे पडतात. बॉडी खाली आणल्यास उलटे घडून रिकाम्या गाडीची मागची चाके जाम होऊ शकतात. म्हणून उंची बदलल्यावर या व्हॉल्व्हची दांडी किंवा स्प्रिंग नव्या उंचीनुसार जुळवावी लागते. हे काम कंपनीच्या माहितीपुस्तिकेतील मापाने करावे, अंदाजाने नव्हे.

१८. उंची बदलणे कायद्याला धरून आहे का?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलांत बदल करण्याविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मनाई असलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मूळ क्रमांकाच्या स्प्रिंगा, गाद्या आणि शॉकअप बदलणे ही दुरुस्ती आहे आणि तिला अडचण नाही. सीएनजी किट मात्र मान्यताप्राप्त असावे लागते आणि त्याची नोंद प्रमाणपत्रावर करून घ्यावी लागते. त्यापुढचा कोणताही बदल करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर सर्वेक्षकाला दिसलेला स्पेसर दाव्यात अडथळा ठरू शकतो.

१९. माझ्या गाडीत हेडलाइट आपोआप वर-खाली होतात आणि काचेमागे कॅमेरा आहे. काही वेगळे करावे लागेल का?

होय. हेडलाइटसाठी मागच्या आर्मजवळ, आणि काही गाड्यांत पुढेही, उंची मोजणारा सेन्सर एका लहान दांडीने जोडलेला असतो. मागची बाजू कायमची उचलली, की तो गाडी पुढे झुकली आहे असे समजून झोत वर घेतो, आणि एका मर्यादेनंतर त्याची हालचाल संपते. स्कॅनर लावून नव्या उंचीला शून्य धरायला सांगावे लागते. समोरचे अंतर ओळखणारा कॅमेरा आणि रडार बॉडीबरोबर झुकतात, त्यामुळे प्रश्न ११ मधील अर्धा अंशही त्यांच्या दृष्टीने मोठा आहे, आणि त्यांचे कॅलिब्रेशन (पुन्हा अचूक जुळवणी) अधिकृत सेवा केंद्रात करून घ्यावे. हेडलाइट हाताने खाली-वर करण्याची ० ते ३ आकड्यांची चकती असलेल्या गाडीत काम सोपे आहे: चकती शून्यावर ठेवून, गाडी रिकामी असताना, भिंतीसमोर झोत पुन्हा जुळवून घ्यावा.